एका कानाचं ऐकू अचानक गेलं, कुणाचं परत आलंय का?

कृष्णाकाठची (सांगली) | १९ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृती आणि शाळेच्या धाग्यांवर असते, हा विषय माझ्या डोक्यातसुद्धा कधी आला नव्हता.

३ जानेवारीला सकाळी डबा भरत होते आणि बहिणीचा फोन आला. मी फोन कायम डाव्या कानाला लावते, उजव्या हातात उलथनं नाहीतर पेन असतंच. हॅलो हॅलो करतेय तर पलीकडून काहीच नाही. म्हटलं रेंज गेली. परत लावला, परत तेच. मग सहज उजव्या कानाला धरला तर ती घसा फोडून ओरडत होती, "अगं ऐकू येतंय का तुला!" मी तशीच उभी राहिले, फोन एकदा इकडे एकदा तिकडे. रात्री झोपले तेव्हा कान चांगला होता. दुखत नव्हतं, ताप नव्हता, काही नाही. फक्त डावीकडं कापूस कोंबल्यासारखं आणि आत डीपीजवळ उभं राहिल्यावर येतो तसा घुंsss आवाज, जो अजूनपण आहे.

गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी कानात बॅटरी न घालताच सांगितलं मळ असेल, थेंब घाला, थंडी आहे, वाफ घ्या. पाच दिवस थेंब घातले. सहाव्या दिवशी शाळेतल्या एका मॅडमनी अक्षरशः हाताला धरून मिरजेला नेलं. तिथल्या ईएनटी डॉक्टरांनी एक चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून माझ्या कपाळावर टेकवला आणि विचारलं, कुठल्या कानात ऐकू येतंय? मी म्हटलं उजव्या. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले आत्ता लगेच ऑडिओमेट्री करून या, जेवायला जाऊ नका.

त्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून, हातात बटण घेऊन बसले. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाचं झालं पटापट. मग बराच वेळ काहीच नाही, मी बसलेय, समोर काचेतून त्या बाई माझ्याकडं बघताहेत. मला वाटलं मशीन बदलताहेत. टेस्ट सुरूच होती.

डाव्या कानाचा रिपोर्ट (आधी आवाजाची फ्रिक्वेन्सी, मग तो ऐकू यायला किती डेसिबल लागले; डेसिबल जास्त म्हणजे ऐकू कमी): ५०० ला ६०, १००० ला ७५, २००० ला ८० डेसिबल. १० दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, एमआरआय झाला (स्वच्छ आहे). काल परत ऑडिओग्राम काढला: ४०, ६०, ७५. म्हणजे जाड आवाज थोडे परत आलेत, बारीक नाहीत. आता डॉक्टर म्हणताहेत कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देऊ. मला कानात सुई या कल्पनेनंच झोप लागत नाहीये.

वय ४४, बीपी-शुगर नाही. कुणाला असं झालंय का? परत आलं का? किती दिवसांनी? आणि ते इंजेक्शन कुणी घेतलंय का, खरं खरं सांगा.

भडंगप्रेमी | १९ जानेवारी, रात्री ९.५८

बापरे. काळजी घ्या ताई. असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

पिंपळपार | १९ जानेवारी, रात्री १०.०५

अलका याज्ञिकना झालं होतं ना हे, २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी स्वतः लिहिलं होतं, विमानातून उतरल्यावर एकदम काही ऐकू येईना म्हणून. व्हायरल अटॅकमुळं ऐकण्याची नस गेली असं सांगितलं होतं. तेव्हा वाचून सोडून दिलं, दोन वर्षांनी माझ्यावर आलं तेव्हा आठवलं. माझा अनुभव उद्या सविस्तर लिहितो, आत्ता मोबाईलवर आहे.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा) | १९ जानेवारी, रात्री १०.३०

ताई, मी तुम्हाला न आलेल्याची गोष्ट सांगतो, कारण माझ्यासारखं कुणी करू नये.

२०१८. पुण्याहून साताऱ्याला येत होतो, खंबाटकी उतरताना कान दडपला. घाटात सगळ्यांचेच कान दडपतात हो, जांभई दिली की सुटतात, तसा हा सुटेल म्हणून सोडून दिलं. गणपती जवळ आलेले, दुकानात सीझन, आज जाऊ उद्या जाऊ. विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, तेव्हा गेलो. दीड महिना. डॉक्टर एकच वाक्य बोलले, "पहिल्या आठवड्यात का नाही आलात?" गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, काही उपयोग नाही झाला. उजवा कान गेला तो गेलाच.

पहिल्या आठवड्यात गेलो असतो तर आला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही, मला माहिताय. पण तो प्रश्न आठ वर्षं माझ्याबरोबर आहे. तुम्ही सहाव्या दिवशी पोचलात. थोडं का होईना परत आलंय. इंजेक्शन घ्या.

जतकर | १९ जानेवारी, रात्री १०.४४

डॉल्बीनं झालं असंल. आमच्याकडं लग्नात बी लावाय लागल्यात आता, छाती हादरती.

आज्जीचा_बटवा (तासगाव) | २० जानेवारी, सकाळी ६.१५

एवढ्या गोळ्या-इंजेक्शनं कशाला. लसणाच्या दोन पाकळ्या तिळाच्या तेलात कडकडीत तळायच्या, तेल कोमट झालं की चार थेंब कानात, वर कापूस. आमच्या आईनं आयुष्यभर हेच केलं, नव्वदीपर्यंत ऐकू येत होतं. स्टेरॉइड म्हणजे शरीराची वाट.

नाककानघसा (कराड) | २० जानेवारी, दुपारी २.१०

ओपीडी संपली, आता निवांत लिहिते. मी ईएनटी आहे. आज्जींचा मान राखून सांगते, तेल नका घालू. तेल फक्त बाहेरच्या नळीत जातं, पडद्यापर्यंत. बिघाड आहे पडद्याच्याही पलीकडं, गोगलगायीच्या शंखासारखा जो भाग असतो त्याच्या आत, तिथल्या बारीक केसांसारख्या पेशींत किंवा नसेत. तिथं तेल पोचतच नाही. आणि पडद्याला भोक असेल तर इन्फेक्शन.

याला आम्ही सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस म्हणतो. ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर किमान ३० डेसिबलनी ऐकू कमी झालं तर ते यात धरतात. जवळजवळ नेहमी एकच कान. दहातल्या नऊ जणांत कारण सापडत नाही. व्हायरस, आतल्या कानाला रक्त पुरवणारी बारीक रक्तवाहिनी बंद होणं, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटणं, असे अंदाज आहेत. एमआरआय एवढ्यासाठी की फार थोड्यांत नसेवर एक साधी, हळू वाढणारी गाठ निघते. ती कॅन्सरची नसते, पण माहीत असलेली बरी.

आता महत्त्वाचं. हा आजार दुखत नाही, त्यामुळं लोक थांबतात. सर्दी, मळ, घाट, विमान, काहीतरी कारण हाताशी असतंच. आणि सुरुवातीला बघणारे डॉक्टरही तेच धरून चालतात, हे आमच्या पेशातलं दुखणं आहे. स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. नंतर दोन ते सहा आठवड्यांत, गोळ्यांनी पूर्ण फरक पडला नसेल तर पडद्यातून इंजेक्शन देतात. कृष्णाकाठची, तुमचे डॉक्टर अगदी बरोबर वेळेवर बरोबर बोलताहेत.

घरी करायची एक गोष्ट. कान अचानक बंद झाला तर तोंड मिटून "हंsss" असं गुणगुणा. आवाज बंद कानात जास्त घुमला तर बहुतेक मळ, सर्दी, पाणी. चांगल्या कानाकडं गेला तर नस असू शकते, त्याच दिवशी ईएनटी गाठा. तुमच्या कपाळावर टेकवलेल्या चिमट्याचं तत्त्व हेच. पण हा नुसता इशारा समजा, ऑडिओग्रामची जागा तो घेत नाही.

जतकर | २० जानेवारी, दुपारी २.४५

म्याडम डॉल्बीचं सांगा की मग.

नाककानघसा | २० जानेवारी, दुपारी ३.०२

प्रचंड आवाजानं कान जातो तो प्रकार वेगळा, त्यात बहुतेक दोन्ही कानांना मार बसतो आणि आवाज ऐकल्याचं आठवत असतं. यांना झोपेतून उठल्यावर समजलं. पण मिरवणुकीनंतर कान बंद झाला आणि दुसऱ्या दिवशीपण उघडला नाही, तर तेव्हाही थांबू नये.

वाळवेकर | २० जानेवारी, दुपारी ३.२०

विषय निघालाच आहे तर, २००० सालच्या नियमांप्रमाणं राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे. आमच्या चौकात विसर्जनाला काचेची तावदानं थरथरतात. गेल्या वर्षी मंडळाच्या पोरांना मी स्वतः सांगितलं की बाबांनो झांजपथक आणू, वर्गणी मी वाढवून देतो. दोन तास भांडण झालं.

जतकर | २० जानेवारी, दुपारी ३.२६

आणलं का मग झांजपथक?

वाळवेकर | २० जानेवारी, दुपारी ३.३१

आणलं. डॉल्बीपण आणला.

संपादक | २० जानेवारी, दुपारी ४.००

मंडळी, डॉल्बीवर वेगळा धागा आहे, तिकडं जा. इथं ताईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळू दे.

विट्याची_सून | २० जानेवारी, संध्याकाळी ७.१५

माझ्या सासूबाईंना झालं होतं, वय ६३, शुगरवाल्या. स्टेरॉइड म्हटल्यावर घरातले सगळे घाबरले. डॉक्टरांनी आधी शुगरच्या डॉक्टरांना फोन लावला, मगच सुरू केलं. तरी तिसऱ्या दिवशी शुगर ३४० गेली, इन्सुलिन लागलं, रोज चार वेळा बोट टोचायचं. झोप नाही, चिडचिड, रात्री अडीचला उठून मिसळणाचा डबा धुवायला काढला होता त्यांनी. कोर्स संपल्यावर शुगर आपोआप खाली आली. ऐकू जवळजवळ पूर्ण आलं.

म्हणून ज्यांना शुगर आहे त्यांनी "मला चालत नाही" म्हणून घरी बसू नये. डॉक्टरांना सांगावं आणि घ्यावं. गोळी सकाळी नाश्ता पोटभर झाल्यावरच, रात्री घेतली तर झोपेचं खोबरं. आणि मनानं एकदम बंद करायची नाही, ती हळूहळू कमी करत आणतात.

कोरेगावचा_घेवडा | २० जानेवारी, रात्री ८.०२

माझं काहीही न घेता आठ दिवसांत आपोआप आलं. उगाच घाबरवू नका लोकांना.

नाककानघसा | २० जानेवारी, रात्री ९.३०

येतं, खरंय. एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचं काही ना काही आपोआप परत येतं, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच. स्टेरॉइडनं किती फायदा होतो यावर आमच्यातही वाद आहेत, ते मी लपवणार नाही. पण समोर बसलेला माणूस कुठल्या गटातला हे पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही, आणि वाट बघून कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. अजिंक्यतारा यांचं वर वाचा परत. सोबत चक्कर असेल, पहिला ऑडिओग्राम फारच खाली असेल किंवा वय जास्त असेल तर परत येण्याची शक्यता कमी होते. तुम्ही सुदैवी निघालात, मला मनापासून आनंद आहे.

वारणाकाठ | २० जानेवारी, रात्री ११.१०

ताई इंजेक्शनचं मी सांगतो, मी तीन घेतलीत, २०२२ ला, उजव्या कानात.

आधी पडद्यावर औषध लावून तो बधिर करतात, त्याला थोडा वेळ लागतो. मग मान एका बाजूला करून आडवं झोपवतात, दुखरा कान वर. दुर्बिणीतून बघत एकदम बारीक सुईनं पडद्यामागं औषध सोडतात. टोचल्याचं फारसं कळलंच नाही, कळतं ते औषध आत भरतं तेव्हा. गार असलं की गरगरतं. मला पहिल्या वेळी अख्खी खोली फिरली, दहा-पंधरा सेकंद. दुसऱ्या वेळी मीच म्हटलं, औषध हातात धरून जरा कोमट करा की, त्यांनी केलं, काही त्रास झाला नाही. त्यानंतर अर्धा तास तसंच पडून राहायचं, बोलायचं नाही आणि थुंकी गिळायची नाही, नाहीतर औषध घशात उतरतं. ते सगळ्यात अवघड. गिळायचं नाही म्हटलं की तोंडाला पाणी सुटतंच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादश्या मोजत पडायचो. शेवटी घशात कडू उतरायचंच थोडं.

फरक किती पडला? खरं सांगायचं तर १५ डेसिबलच्या आसपास. पण त्या १५ मुळं ऐकण्याचं मशीन लावता येण्याजोगा कान झाला, आता मशीन लावतो आणि सोसायटीच्या मीटिंगमधे दोन्ही बाजूचं ऐकतो. घ्या. घाबरू नका.

कृष्णाकाठची | २१ जानेवारी, सकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार, रात्री दोनदा वाचलं सगळं. गुरुवारी पहिलं इंजेक्शन ठरवलंय.

एक विचारायचंय. ऐकू कमी येतं त्यापेक्षा मला दुसराच त्रास जास्त होतोय. आवाज कुठून येतो तेच कळत नाही. वर्गात पोरगं "मॅडम" म्हणतं, मी उजवीकडं बघते, ते डावीकडं उभं असतं. परवा हळदीकुंकवाला गेले होते, पंधरा बायका, स्टीलच्या ताटल्या, सगळं एकच कालवण होऊन कानात येतं. डाव्या बाजूनं एक काकू तिळगूळ धरून उभ्या होत्या म्हणे, मी बघितलंच नाही, त्यांना वाटलं मी मुद्दाम. घरी येऊन रडले. भाजीवाला साठ म्हणतो का आठ तेही समजत नाही. शंभर फुटी रोड ओलांडायची भीती वाटते.

तंबोरा (मिरज) | २१ जानेवारी, दुपारी १२.३०

ताई, आमच्याकडं सतारी-तंबोरे करतात, घरचं काम. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते वाचलं असेल. माझे काका जवारी काढतात. जवारी म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) पृष्ठभाग घासून असा करायचा की तार छेडल्यावर ती त्यावर नुसती टेकत-सुटत राहील, मग वर सुताचा दोरा सरकवायचा, केसाएवढा पुढं-मागं, तेव्हा तो झंकार उघडतो. याला मोजायचं यंत्र नाही. कान हेच यंत्र. काका चाळीस वर्षं हेच करतात.

तीन वर्षांपूर्वी काकांचा उजवा कान असाच एका रात्रीत गेला. चौथ्या दिवशी औषध सुरू झालं. महिन्यानं बऱ्यापैकी परत आलं, आम्ही पेढे वाटले. आणि ज्या दिवशी काका परत बैठकीवर बसले त्या दिवशी तार छेडली आणि हात मागं घेतला. म्हणाले, "दोन सा ऐकू येताहेत." एकच तार. डाव्या कानाला जिथं लावली तिथं, उजव्या कानाला जरा चढी. आम्हाला वाटलं मनाचा खेळ. डॉक्टरांनी सांगितलं असं होतं, आतला कान दुखावला की त्याच स्वराची दोन कानांत दोन ठिकाणं होतात.

काका महिनाभर कारखान्यात आले नाहीत. मग एक दिवस आले, उजव्या कानात कापसाचा बोळा घातला, डावा कान भोपळ्याजवळ नेला आणि कामाला बसले. सुरुवातीला एका तंबोऱ्याला तीन दिवस लागायचे. रोज काम संपल्यावर बोळा काढून दहा मिनिटं नुसता सा ऐकत बसायचे, दोन्ही कानांनी. सात-आठ महिन्यांत ते दोन सा जवळ येत गेले. आता थोडा फरक आहे, ते म्हणतात जोडीचे तंबोरे लावल्यासारखा. बोळा अजून घालतात.

तुम्ही कधी मिरजेला इंजेक्शनला याल तेव्हा या. काका बोलतील तुमच्याशी. मी त्यांना हा धागा वाचून दाखवलाय.

भडंगप्रेमी | २१ जानेवारी, दुपारी १२.५५

काय लिहिलंय राव. अंगावर काटा आला.

अजिंक्यतारा_पायथा | २१ जानेवारी, रात्री ९.१५

दिशेचं मी सांगतो, आठ वर्षांचा अनुभव आहे. डाव्या-उजव्या कानात आवाज पोचायला जो किंचित फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. एकच कान असला की सगळं त्याच बाजूनं येतं. हॉर्न मला सगळे डावीकडूनच येतात, म्हणून मी रस्ता ओलांडताना कान मोजतच नाही, दोन्हीकडं मान पूर्ण वळवतो. राजवाड्यावर गर्दीच्या वेळीसुद्धा. मोटारसायकलला दोन्ही आरसे पाहिजेतच.

दुकानात गल्ला हलवला, गेलेला कान भिंतीकडं. पंगतीत, एसटीत, मीटिंगला, जागा धरतानाच ठरवायची. तुमचा डावा गेलाय म्हणजे तुम्ही ओळीच्या डाव्या टोकाला बसायचं, सगळी माणसं उजवीकडं. हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल, पाठीला भिंत, म्हणजे मागचा कालवा कमी होतो.

आणि सांगायचं. हेच मला जमायला दोन वर्षं लागली. "मला या कानानं ऐकू येत नाही, इकडून बोला" एवढंच वाक्य. लोकांना राग येत नाही, उलट पुढच्या वेळी स्वतःच बाजू बदलतात. त्या काकूंना उद्याच्या उद्या फोन करा, रथसप्तमी यायच्या आत.

सरिता_कुपवाड | २१ जानेवारी, रात्री ९.४०

ताई तुम्ही अंथरुणावर डावीकडं कोण झोपतं बघा 😄 मिस्टर घोरत असतील तर आत्ता फायदा करून घ्या, उजव्या कुशीवर झोपायचं!

कृष्णाकाठची | २१ जानेवारी, रात्री ९.५८

सरिता, अठरा दिवसांनी पहिल्यांदा खळखळून हसले गं. घोरतात, आणि आज तेच करणार आहे.

पिंपळपार | २२ जानेवारी, सकाळी ११.२०

उशीर झाला, माफ करा. माझा गेल्या उन्हाळ्यात डावा कान गेला, ९० च्या वर. गोळ्यांबरोबर पुण्यात हायपरबेरिक ऑक्सिजनच्या पंधरा बैठका केल्या. गोल टाकीसारखी खोली, तोंडाला मास्क, आत हवेचा दाब वाढवतात, विमान उतरताना होतं तसे कान दडपतात, गिळत राहायचं. खर्च बऱ्यापैकी. ५० पर्यंत आलं. गोळ्यांनी आलं, ऑक्सिजननं आलं का आपोआप, हे माझ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही आणि मलाही. पण ते गोळ्यांच्या जोडीला आणि लवकरच करायचं असतं, सहा महिन्यांनी कुणी सुचवलं तर पैसे घालवू नका.

कानातल्या आवाजाबद्दल: शांत खोलीत तो जास्त वाटतो. मी रात्री पंखा चालू ठेवतो, थंडीतसुद्धा, पांघरूण जाड घेतो. पहिले तीन महिने वाटायचं वेड लागेल. आता आहे, पण दिवस दिवस लक्ष जात नाही.

दाखलेवाला | २२ जानेवारी, दुपारी १.१०

कुणी विचारायच्या आत सांगतो कारण ऑफिसात रोज लोक येतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात श्रवणदोष धरताना दोन्ही कानांचा विचार आहे, दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पुढं. एकच कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर दाखल्याला लागणारे ४० टक्के भरत नाहीत. एजंट पैसे मागतात, देऊ नका. मला स्वतःला हा नियम पटत नाही, एका कानावर वर्ग शिकवणं काय असतं ते वर ताईंनी लिहिलंयच, पण आज तरी असं आहे.

नाककानघसा | २२ जानेवारी, रात्री १०.०५

ज्यांचा कान अजिबातच परत येत नाही त्यांच्यासाठी क्रॉस नावाचं मशीन असतं. गेलेल्या कानावर माइक, तो आवाज वायरलेसनं चांगल्या कानात पोचवतो. दिशा कळत नाही त्यानं, पण त्या बाजूनं कुणी हाक मारली तर चुकत नाही. अजिंक्यतारा, तुम्ही कधी लावून बघितलंय का? दुकानात उपयोग होईल. ट्रायल मागा आधी, गर्दीत लावून बघा, मगच घ्या.

अजिंक्यतारा_पायथा | २२ जानेवारी, रात्री १०.२०

आठ वर्षांत कुणी सांगितलंच नाही हो डॉक्टर. उद्याच चौकशी करतो.

कृष्णाकाठची | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

धागा वर काढतेय. चार इंजेक्शनं झाली. वारणाकाठ, औषध कोमट करायला सांगितलं, डॉक्टर म्हणाले कुणी शिकवलं तुम्हाला! न गिळण्याचं मात्र खरंच अवघड.

आजचा ऑडिओग्राम: ५०० ला २५, १००० ला ४०, २००० ला ५५. ४००० अजून ७५ वरच आहे. डॉक्टर म्हणाले यापुढं फार वाढेलच असं नाही, तीन महिन्यांनी परत बघू, मग मशीनचा विचार करू. घुंsss आहे, पण बारीक झालाय.

वर्गात आता हजेरी घेताना ज्याचं नाव त्यानं हात वर करायचा असं ठरवलंय. पोरांनी दोन दिवसांत उचललं. डावीकडच्या रांगेतला एक तर रोज दोन्ही हात वर करतो. त्या काकूंना फोन केला होता, त्या स्वतः तिळगूळ घेऊन घरी आल्या आणि आल्या आल्या माझ्या उजवीकडं बसल्या.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी तंबोरा यांच्याकडं गेले होते. काकांनी मला समोर बसवलं, एक तार छेडली आणि म्हणाले, आधी एक कान झाका, मग दुसरा. उजव्या कानात भरीव, गोल. डाव्यात तीच तार, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी आणि जरा वर. मी सांगितलं तर ते नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "आता दोन्ही उघडे ठेवा आणि बसा." अर्धा तास बसले. ते तार छेडत होते, मी ऐकत होते, मधेच चहा आला. त्यांनी मला रोज घरी दहा मिनिटं लावायला मोबाईलमधे तंबोऱ्याचं ॲप टाकून दिलं आणि लगेच म्हणाले, "हे खोटं आहे, पण चालेल."

आज्जीचा_बटवा | २७ फेब्रुवारी, रात्री ११.४०

मी वरती तेलाचं लिहिलं होतं. आज संध्याकाळी धाकटा भाऊ म्हणाला सकाळपासून डावा कान बंद आहे, द्राक्षाच्या बागेत औषध मारताना पंपाचा आवाज एका बाजूनंच येत होता. वहिनीनं लसूण सोललाही होता. मी तिला थांबवलं आणि भावाला म्हटलं तोंड मिटून गुणगुण. त्याला वाटलं मला काय झालं. गुणगुणला. उजवीकडं घुमतंय म्हणाला.

गाडी काढली. मिरजेत इमर्जन्सीला दाखवलं, कान स्वच्छ निघाला, मळ नाही. सकाळी साडेनऊला ऑडिओमेट्री आणि ईएनटी आहेत. त्याला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. आम्ही बाहेर बाकावर बसलोय. विट्याची सून, सासूबाईंच्या वेळी शुगरचे डॉक्टर आणि कानाचे डॉक्टर यांचं बोलणं कुणी करून दिलं होतं?

विट्याची_सून | २७ फेब्रुवारी, रात्री ११.५२

आम्हीच. शुगरची फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर नेली आणि ईएनटींना म्हटलं इथूनच फोन लावा. फाईल घरी असेल तर आत्ताच कुणाला तरी फोटो पाठवायला सांगा. आणि ग्लुकोमीटर घरी नसेल तर सकाळी घेऊन टाका.

कृष्णाकाठची | २७ फेब्रुवारी, रात्री ११.५५

आज्जी, मी जागी आहे. सकाळी आठला डबा घेऊन तिथं येते, विश्रामबागेतून कितीसं लांब. स्टेरॉइडच्या आधी पोटभर खाऊन घ्यावं लागतं त्यांना.

आज्जीचा_बटवा | २८ फेब्रुवारी, रात्री १२.०३

फोटो आला फाईलचा. ये पोरी. त्याच्या उजव्या बाजूला बस.